राजाची पाठ

सासूबाईंना राणी करायला ताईचा विरोध होता. पण घरात दुसरी बाई नव्हती, आणि ताईला स्वतः टाचण्या आणि चिमटे घेऊन बाजूला उभं राहायचं होतं. शिवाय चेटकिणीचा पोशाख दाखवल्यावर सासूबाईंनी तो दोन बोटांत धरून परत केला होता. "हा तुला शोभेल," त्या म्हणाल्या होत्या.

प्रश्न दुकानाचा होता. नाटकाचे पोशाख भाड्याने द्यायचं दुकान ताईने काढलं, त्यानंतर एकच माणूस पायरी चढला होता, तोही पत्ता विचारायला. आता मोठ्या शाळेचं नाटक ठरलं होतं. मुख्याध्यापिकाबाई येऊन गेल्या, हँगरवरचा राजा त्यांनी खालीवर न्याहाळला आणि म्हणाल्या, "टांगलेल्या कपड्यांवरून काही कळत नाही. माणसांच्या अंगावर, बाहेर, फुलाबिलांत काढलेले फोटो सोमवारी आणा. मग ठरवू." हे काम गेलं तर दुकानाला कुलूप लावायचं, असं ताईने मनाशी नक्की केलं होतं.

फोटो काढायला ताईचा धाकटा भाऊ होता. त्याचा स्टुडिओ होता, पण तिथे फक्त पासपोर्टचे फोटो निघत. हसायचं नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर सावली नको. लग्नाचं काम त्याने एकदाच घेतलं होतं. त्या अल्बममधले सगळे पाहुणे नुकतीच अटक झाल्यासारखे दिसत होते.

खरी अडचण मात्र पोशाखांच्या मागच्या बाजूला होती. मखमल पुढच्या भागालाच पुरली. प्रेक्षक समोर बसतात, पाठ कोण बघतो, असा विचार करून ताईने मागची बाजू घरातल्या एका निळ्या पट्ट्यांच्या चादरीची केली होती. अर्धी राजाला, अर्धी राणीला. ही चादर सासूबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेली होती आणि कित्येक दिवस त्या ती शोधत होत्या. संशयापायी लाँड्रीवाला बदलून झाला होता.

पोशाख न्हाव्याच्या कापडासारखा समोरून हात घालून चढवायचा आणि मागे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचा. सासूबाईंना तो चढवल्यावर त्या म्हणाल्या, "आरसा कुठाय?"

"आई, आधी आरशात बघितलं की फोटो चांगला येत नाही," ताई म्हणाली.

"असं कोण म्हणतं?"

"सगळे फोटोवाले म्हणतात," ताई म्हणाली. धाकट्याने गंभीरपणे मान डोलावली.

राजा म्हणजे ताईचा नवरा. त्याला चादरीचं सगळं माहीत होतं आणि एकच ताकीद होती, की आईच्या पुढे चालायचं नाही.

"लहानपणापासून मी तेच करतोय," तो म्हणाला.

सूर्यफुलांचं शेत रस्त्याला लागून होतं. मळेवाल्याने दोन अटी घातल्या. "फुलाला हात लावायचा नाही. आणि मधमाशी दिसली तर हातवारे करायचे नाहीत. चावली तर माझ्याकडे यायचं नाही." एवढं बोलून तो पत्र्याचा डबा बडवत पाखरांच्या मागे निघून गेला. पाखरं उडायची, दोन वाफे सोडून पुन्हा बसायची आणि निवांत दाणे टिपायची.

धाकट्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. "ताई, सगळ्या फुलांनी पाठ फिरवलीय."

खरंच, शेतातलं एकूण एक फूल पलीकडे तोंड करून उभं होतं.

"मग आपण पलीकडे जाऊ," सासूबाई म्हणाल्या आणि मधल्या पायवाटेने निघाल्यासुद्धा. त्यांच्यामागे राजा, राजामागे ताई, सगळ्यांत शेवटी धाकटा. राणीच्या पाठीवरचे निळे पट्टे राजासमोर डुलत होते. त्याला हसू आवरेना.

"काय झालं रे हसायला?"

"काही नाही आई. तू छान दिसतेस."

"मागूनसुद्धा?"

"मागून तर घरच्यासारखीच वाटतेस."

ताईने त्याला चिमटा काढला.

पलीकडे फुलं समोर आली, पण उतरतं ऊनही कॅमेऱ्याच्या समोरून आलं. धाकटा वैतागला. "तोंडं काळी येतायत. असा फोटो कुठलंही ऑफिस घेणार नाही. मावशी, हनुवटी वर. मुकुट मागे घ्या, कान दिसत नाहीत. भाऊजी, हसू नका. छाती पुढे. अजून पुढे."

"अरे, राजा आहे मी. थोडा हसलो तर काय होतं?"

"अर्ज परत येतो."

राजाने छाती पुढे काढली. पाठीवरचे चिमटे करकरले. "पुरे आता छाती," ताई म्हणाली, पण धाकट्याचं समाधान झालं नव्हतं. "श्वास आत घ्या आणि तसेच राहा."

राजाने श्वास आत घेतला. वरचा चिमटा सुटला, कॉलरमधून सदऱ्यात घसरला आणि जाता जाता त्याने मानेखालचं मांस पकडलं.

"मधमाशी," राजा म्हणाला, आणि मागे वळून सूर्यफुलांत घुसला.

बाकीचे चिमटे एकेक करून उडाले. झगा पसरला आणि पिवळ्या फुलांच्या वर निळे पट्टे फडफडू लागले. सासूबाईंनी मुकुट सावरत पाहिलं.

"माझी चादर," मग त्या शांतपणे म्हणाल्या, आणि पदर खोचायला हात कमरेला नेला. पदर नव्हता. मग त्यांनी मखमलच दोन्ही हातांनी उचलली आणि पळत सुटल्या. "थांब म्हणते ना. थांब मेल्या. माझ्या आईची चादर आहे ती."

"आई, मधमाशी आहे."

"असू दे. तिलाही धर."

राजा एका वाफ्यातून दुसऱ्यात, राणी त्याच्या मागे. शेतातली यच्चयावत पाखरं एकदम आकाशात गेली. धाकटा जागच्या जागी गोठला. त्याच्यासमोरची माणसं आजवर कधी हलली नव्हती. त्याचं बोट बटणावर दाबलेलं तसंच राहिलं.

मळेवाला काठी घेऊन धावत आला. ताईने हात जोडले. पण त्याचं लक्ष वर होतं. रिकामं आकाश त्याने चहूबाजूंनी पाहिलं.

"दिवसभर डबा बडवतोय मी," तो म्हणाला. "उद्या पुन्हा याल का?"

तोवर राणीने राजाला झग्याच्या टोकाला धरून आणलं होतं. "बघा हो, मुलगा चोर आणि सून शिंपीण. अर्धी चादर ही. उरलेली अर्धी कुठं गेली ते विचारा यांना."

मळेवाल्याने सासूबाईंच्या मागे जाऊन पाहिलं. "अहो बाई," तो जपून म्हणाला, "ती तुम्हीच घातलीय."

परतताना गाडी जुन्या लाँड्रीवाल्याच्या दुकानावरून गेली तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं.

सोमवारी सासूबाई शाळेत ताईबरोबर निघाल्या. चादरीचे दोन्ही तुकडे घडी करून त्यांच्या काखेत होते. "त्या बाईंनाही कळू दे, कशावर दुकान चाललंय ते," त्या म्हणाल्या. ताईने मनातल्या मनात कुलूप लावूनही टाकलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी पाकिटातले फोटो एकेक पाहिले. छाती पुढे, हनुवटी वर, चार कान. "हे दोघं कुठल्या देशात निघालेत?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने न निवडता सगळेच फोटो भरले होते. शेवटचा हातात आला आणि मुख्याध्यापिकाबाई थांबल्या. फुलांच्या समुद्रात राजा पळतोय, मागे राणी, वर पाखरांचा ढग, आणि दोघांच्या पाठींवर निळे पट्टे. बाई हसता हसता खुर्चीत मागे रेलल्या. चष्मा पुसून त्या म्हणाल्या, "आमचा राजा दुसऱ्या अंकात लढाई सोडून पळतो. पळताना त्याचं काय दाखवावं ते आम्हाला सुचत नव्हतं. पोशाख सगळे तुमच्याकडूनच घेते. पण ही चादर पाहिजे. हीच."

ताईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी काखेतली घडी घट्ट धरली.

"आई," ताई हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं."

"किती लोक येतात नाटकाला?" सासूबाईंनी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलं.

"सभागृह भरतं. बाहेरसुद्धा उभे राहतात."

"हं." सासूबाईंनी घडीवरून हात फिरवला. "आईनं दिलेली चादर इतक्या लोकांसमोर जाणार, आणि तीही पाठीमागे? मागे लावायला मी देणार नाही. पुढे लावत असाल तर घ्या."

मुख्याध्यापिकाबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने होकारार्थी मान हलवली.

त्या संध्याकाळी ताईने राजाच्या छातीवरची मखमल उसवली आणि पाठीला लावली. चादर पुढे आली. दरबारात सिंहासनावर बसलेला राजा आता अंथरुणातून उठून आल्यासारखा दिसे. पळून जाताना मात्र तो अगदी राजासारखा दिसे.