समेट तिसऱ्या टप्प्यात

शांतिसेनेच्या आंतरराष्ट्रीय सरावाआधी नियोजन परिषद भरते, आणि त्या परिषदेच्या तयारीसाठी आमच्या फिजीतल्या छावणीत बैठकांवर बैठका चालू होत्या. शांतता प्रस्थापित करायची तर आधी भांडण हवं. मेजर वाइसाके यांनी ते कागदावर रचण्याचे कष्ट घेतले नाहीत. जवळच वरचं गाव आणि खालचं गाव पाण्याच्या पाइपवरून भांडत होती. दोहोंच्या मध्ये तारा ओढून त्यांनी चौकी बसवली. आयतं भांडण शोधल्याबद्दल वरिष्ठांनी त्यांची पाठ थोपटली.

परिषदेच्या तोंडावर वरच्या गावचे आपिसाईकाका देवमाशाचा दात घेऊन चौकीवर आले. माफी मागायला आमच्याकडे हाच दात पुढे करतात. ज्यानं तो हातात घेतला, त्यानं माफ केलं. म्हणून मेजरांनी आधी आपले हात पाठीमागे नेले.

"पाइप आमच्या पोरांनी फोडला," काका म्हणाले. "खाली जाऊन माफी मागतो, मग दोन्ही गावं मिळून तो जोडतील. माझी लेक लितिया खालीच दिलीय. दिवस भरलेत तिचे, आणि ओढ्यावरून डबे वाहतेय."

"काका, माफी जरूर मागा. फक्त आज नको. समेट तिसऱ्या टप्प्यात आहे."

"माफीलाही मुहूर्त लागतो होय रे?"

"पाहुणे यायच्या आधीच तुम्ही गळ्यात गळे घातलेत, तर त्यांना काय माझं टक्कल दाखवू?"

काकांच्या छातीवर 'संतप्त ग्रामस्थ' असा बिल्ला लागला. रंगीत तालमीत त्यांचा संताप कमी पडल्याचा शेरा मिळाला.

परिषदेच्या दिवशी, पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकात, तो कमी पडला नाही. "माझ्या लेकीला पाणी द्या," असं ओरडत काका तारांपर्यंत धावले आणि दोन्ही हातांनी दात पुढे केला. समोर एक परदेशी कर्नल होते. त्यांना वाटलं, पाहुण्यांना भेट. त्यांनी तो घेतला, वाकून आभार मानले आणि फोटो काढला. बाकीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

रिवाजाप्रमाणे वरच्या गावाचा कर्नलांशी समेट झाला होता. त्यांच्याशी भांडण कधी नव्हतंच. अहवालात नोंद झाली: समेट यशस्वी. दात कर्नलांच्या देशात गेला. वरच्या गावाकडे दुसरा नाही. इतकं अस्सल भांडण वाया जाऊ नये, म्हणून सराव दरवर्षी इथंच घेण्याचं ठरलं.

लितियाचं काय झालं, असं तुम्हाला वाटत असेल. परिषदेत हे कुणीच विचारलं नाही. तुम्हाला निदान वाटलं तरी. पुढच्या वर्षी तुमच्यासाठी 'चिंतित निरीक्षक' हा बिल्ला राखून ठेवतो. काम सोपं आहे, आत्ता करताय तेच. जेवण आमच्याकडे.