नाव घातलेला तांब्या

कॉलेजचे निकम सर शिष्यवृत्तीसाठी मंगळवारी घर बघायला येणार, असे पोस्टकार्ड रंभेने वाचून दाखवले आणि म्हाळू साळवेच्या घरी लगीनघाई उडाली. म्हाळू शिरूरच्या मार्केट यार्डात हमाल. कष्टकऱ्यांच्या मुलांची ती शिष्यवृत्ती हुकली, तर रंभेने कॉलेज सोडून कांदे निवडायला जायचे, हे ठरलेलेच होते.

"आबा, सर आपली परिस्थिती बघाया येत्यात. घर हाय तसंच असू द्या," रंभा म्हणाली.

"परिस्थिती काय दावायची चीज हाय व्हय? पाव्हणा येतोय दारात."

सोयरिकीचे पाहुणे यायचे तेव्हा सगळी आळी सामान पुरवी. तसेच आताही झाले. जालिंदरची खुर्ची आणि रेडिओ आला, त्याचाच पितळी तांब्या आला, ज्योतिबाच्या घरून ताटल्या आल्या. रंभेचा पाय घरात ठरेना. ती दाराशी जाई, परत येई, रेडिओवर फडके टाकी आणि तिची आई विठाबाई ते काढून घेई.

सर आले, खुर्चीत बसले. रेडिओ पाहून त्यांनी वहीत काहीतरी लिहिले. तेवढ्यात विठाबाईने पाणी दिले. तांब्यावर नाव घातलेले होते.

"हे जालिंदर बाबू कोण?" सरांनी विचारले.

मागून आणलाय म्हणायची म्हाळूला लाज वाटली. "धाकला भाऊ," तो म्हणाला.

"काय करतात?"

"यष्टीवर डायवर हाय."

सरांनी लिहून घेतले. पोह्यांची ताटली आली, तिच्यावरही नाव होते.

"आणि ज्योतिबा सखाराम?"

"चुलतं. पोस्टात असत्यात."

"सगळे एकत्रच?"

"व्हय जी. एका चुलीवर," म्हाळू म्हणाला. आता त्याला जरा रंगच चढला होता.

सरांनी वही मिटली. "म्हणजे घरात तिघे कमावते. बाबा, ही शिष्यवृत्ती एकट्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घरासाठी आहे."

रंभेला राहवले नाही. "सर, यातलं कायबी आमचं न्हाई. खुर्ची न्हाई, रेडिओ न्हाई. भाऊ न्हाई आन् चुलता बी न्हाई. आबांना एकच बहीण हाय, ती दौंडला असती."

म्हाळूने मान खाली घातली. लेकीने पाहुण्यासमोर अब्रू काढली, याचे त्याला फार लागले.

"मग तुमचं काय आहे?" सरांनी हळूच विचारले.

विठाबाई चुलीपाशी गेली आणि पोचे आलेले जर्मनचे भगुले घेऊन आली. सरांनी ते फिरवून पाहिले. नाव कुठेच नव्हते. त्यांनी वही पुन्हा उघडली.

मंजुरीचे पत्र आले तेव्हा म्हाळूने हौसेने एक पितळी तांब्या घेतला आणि त्यावर नाव घालून आणले: 'रंभा म्हाळू साळवे, कॉलेज'. तो तांब्या घरात मात्र फारसा टिकला नाही. पाहुणा कुणाकडेही येवो, तांब्या तिकडे जाई.

पुढच्या वर्षी निकम सर त्याच आळीत, यार्डात झाडू मारणाऱ्या धुरपदेकडे आले. तिची पोरगी कॉलेजात गेली होती. घरात खुर्ची होती, रेडिओ होता, भिंतीवर घड्याळही होते. सरांनी सगळीकडे नजर फिरवली आणि आधी पाणी मागितले.

तांब्या आला. सरांनी नाव वाचले, पाणी प्यायले आणि काही न विचारता फॉर्मवर सही केली.