मथुरेहून चालत आलेला पेढा

सांगून कुणाला पटणार नाही, पण भर दुपारी हिंजवडीचा रस्ता मोकळा होता! आणि त्यापायी माझ्या नातीचं लग्न करपता करपता वाचलं.

ओवीला इंद्रजीतचं स्थळ आलं होतं. नोकरी हिंजवडीत, घर यवतमाळचं. त्याचे आजोबा नागोराव फोनवर म्हणाले, "आमच्याकडे पोरीच्या घरचं गोड खाऊनच होकार देतात जी."

मी ठणकावलं, "आमचा भाजका पेढा खा! आमचे पणजोबा मथुरेहून चालत पुण्यात आले, ते ही रीत घेऊनच!"

ओवी कपाळाला हात लावून म्हणाली, "आजोबा, आता करा तुम्हीच. आणि बिघडवलात तर बघा!"

पाहुणे संध्याकाळी येणार होते. दुपारी घर झोपलं तसा मी खवा चढवला. ठरवलंच, हात गळून पडला तरी उलथनं थांबवायचं नाही! थांबलं की करपलं. खवा सोनेरी झाला, तांबूस झाला, आणि बेल वाजली!

कर्वेनगरात दुपारी दोनला बेल! शेजारचं कुत्रंसुद्धा भुंकायचं सोडून घड्याळ बघायला लागलं.

"दार लोटलेलंच आहे!" मी ओरडलो. "चपला काढा आणि सरळ स्वयंपाकघरात या!"

नागोराव आत आले. मागे इंद्रजीत. "ट्रॅफिक धरून हिंजवडीहून लवकर निघालो जी, तर रस्त्यात चिटपाखरू नाही!"

"बसू नका! हे धरा!" मी उलथनं त्यांच्या हातात कोंबलं.

"अरे बाप्पा! मले तर वाटलं, आधी पाणी देता."

ते दमले तेव्हा इंद्रजीतला जुंपलं. "आजोबा, याला टायमर नसतो का?"

"असतो ना," मी म्हणालो. "तू!"

धूर असा झाला की एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो. वास सदाशिव पेठेपर्यंत गेला आणि तिथली पेन्शनर मंडळी चक्क दुपारची झोप मोडून उठली! अखेर पेढे वळले. कोळशाशेजारी ठेवले असते तर कोळसा गोरा दिसला असता.

नागोरावांनी एक तोंडात टाकला. डोळे मिटले.

"होकार जी! दुसरा द्या."

तिथंच गप्प बसायचं होतं! पण जीभ सुटली. "हाच तो मथुरेचा अस्सल रंग! पणजोबांनी कढई डोक्यावर घेतली, नर्मदा पोहून पार केली..."

"कुणी?" झोपेतून उठून आलेली माझी बायको श्यामला दारात उभी होती. "अहो, तुमचे पणजोबा गुहागरचे! पेढ्याची रीत माझ्या माहेरची, धारवाडची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा करून वाढला, तर तुम्हीच म्हणालात, 'जळलाय, मांजराला घाल!'"