तळघरातले बारा सिलिंडर

"या वेळी 'दोन्ही आपापल्या जागी उत्तम' असं लिहिलंस, तर शनिवारपासून तुझ्या जागी शब्दकोडं छापीन," संपादकबाई फोनवर म्हणाल्या. "चारपर्यंत निकाल हवा. एकीचं नाव!"

वाहनांवर सदर लिहिणारा लेखक जिन्यात येरझारा घालत होता. नऊ वर्षांत त्याने एकाही गाडीचं मन दुखावलं नव्हतं. आता परीक्षणासाठी दोन अवजड मोटारसायकली आल्या होत्या: एक लांबच्या प्रवासाची, पेट्याबिट्यांची, दुसरी नुसती ऐटीत हिंडायची क्रूझर. "बाई, सोपं नाही हो. सहा-सहा सिलिंडर! तळघरात उभ्या आहेत. एक सकाळीच उडवली, दुसरी चारच्या आत उडवतो."

खालच्या वळणावर इमारतीचे सेक्रेटरी काका भाजीची पिशवी घेऊन थबकले होते. बोलणारा दिसत नव्हता, शब्द तेवढे घरंगळत आले. काकांनी सहा दुणे बारा केले आणि आल्या पावली खाली पळाले.

पंधराव्या मिनिटाला सगळी इमारत रस्त्यावर होती. लेखकालाही बायकोने ओढत आणलं होतं. एका पायात चप्पल, टिपणवही वरच.

"कुणीतरी गॅसचे बारा सिलिंडर लपवलेत म्हणे," शेजारच्या आजी म्हणाल्या. "चारच्या आत उडवणार आहे मेला."

लेखकाने वर पाहिलं. घड्याळात सव्वातीन.

"अहो, तुम्ही फोनवर काय बरळत होतात?" बायकोने हळूच विचारलं.

एवढ्यात बंब आला. लेखक धावत अधिकाऱ्यापाशी गेला. "साहेब, ते सिलिंडर इंजिनातले आहेत. माझ्या दोन गाड्यांचे."

"तक्रारीत बारा लिहिलेत," अधिकारी शांतपणे म्हणाला. "बारा मोजल्याशिवाय मला परत जाता येत नाही. काढा दोन्ही उजेडात."

दोन्ही गाड्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पहिलीला मागे जायचं बटण होतं. एका जवानाने ते दाबलं, आणि गाडी घरंदाज सुनेसारखी मागे सरकत आली. क्रूझरला तसलं काही नव्हतं. चौघे जवान भिडले.

"हिला मागे यायचंच नाहीये, साहेब!"

"मग माहेरी आलीये का? ओढा!"

गाडी निघाली, एका जवानाची कंबर धरली. मग अधिकारी जमिनीवर आडवा झाला. "डावीकडे तीन, उजवीकडे तीन..." काका वाकून बरोबर मोजत होते. बारा भरले तेव्हा पावणेचार वाजले होते.

अधिकारी अहवाल लिहू लागला. लेखकाने घायकुतीला येऊन त्याच्या खांद्यावरून डोकावलं:

"पहिले वाहन: एक माणूस, अर्धे मिनिट. दुसरे वाहन: चार माणसे, सात मिनिटे, एक कंबर. दिसायला दुसरे चांगले. आग लागल्यास पहिले न्यावे."

लेखकाने अधिकाऱ्याला विचारून ते, फक्त गाड्यांची नावं घालून, जसंच्या तसं संपादकबाईंना पाठवलं. चारला दोन मिनिटं कमी होती. लगेच फोन वाजला.

"वा! चार ओळींत निकाल! हे तुझं नाही. कुणाचं आहे?"

"अग्निशामक दलाचे एक अधिकारी आहेत," लेखक खरं बोलून गेला.

"छान," बाई म्हणाल्या. "त्यांना विचार, दर शनिवारी लिहितील का?"