धरमसिंगच्या बंगल्यात नळ आले

त्या रविवारी सकाळी दात घासताना मी एक छोटासा निर्णय घेतला. आज दिवसभर चिडायचं नाही.

(निर्णय मी घेतला असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो शीलानं घेतला आणि मला कळवला.) "आज घर पाहाले जाऊन राह्यलो आपण," ती म्हणाली. "तिथं चिडले, त याच्यापुढं मी तुमच्यासंगं एकबी घर पाहाले येणार नाई. मग राहा जिंदगीभर किरायानं." शीला, म्हणजे माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. ती बोलते तसं करते. मी सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक असल्यामुळे मला तशी सवय नाही.

तिची धमकी पोकळ नव्हती. पावसाळ्याच्या आत किरायाचं घर रिकामं करायचं होतं, कारण घरमालकाला तिथं नवी सून आणायची होती. आणि आतापर्यंत पाहिलेली सगळी घरं माझ्या तोंडामुळे हातची गेली होती. एका मालकाला मी विचारलं होतं, की हा जिना माणसांसाठी आहे की बकऱ्यांसाठी. दुसऱ्याला म्हणालो होतो, की तुमच्या संडासात बसायचं असेल तर गुडघे घरी ठेवून यावं लागेल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण खरं बोलणाऱ्याला यवतमाळात कोणी घर विकत नाही.

दलाल अन्सारभाई बंगल्याच्या फाटकापाशी उभे होते. मे महिन्याच्या उन्हात माणूस वितळतो, पण अन्सारभाईंचा उत्साह वितळत नाही.

"मानवटकर साहेब, ऐसा घर दुबारा मिळणार नाई. जिनिंग फॅक्टरीच्या इंग्रज साहेबाचा बंगला हाय. धरमसिंगभाऊ ठेकेदारानं घेतला, पूरा रिनोव्हेट केला. एकदम कलोनियल!"

फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते. एक मोठा, दुसरा त्याच्या निम्मा. मी नजर दुसरीकडे वळवली. अंगणात विलायती दिव्यांचे काळे खांब होते आणि त्यांच्या डोक्यावर निळे-हिरवे लुकलुकणारे बल्ब. मी आवंढा गिळला. दाराशी कारंजं होतं, कोरडं ठणठणीत, आणि त्यात एक संगमरवरी बाई रिकामी घागर ओतत उभी होती. मी दुसरा आवंढा गिळला. एव्हाना माझं पोट भरत आलं होतं.

आत मात्र घर चांगलं होतं. जाड भिंती, उंच छत, आणि बाहेर शेहेचाळीस डिग्री असताना आत पाऊल टाकताच अंगावरचा घाम गार झाला. इंग्रज लोकांना उन्हाची अक्कल होती हे मान्य करावं लागेल. शीला सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यासमोर मोठी खिडकी होती आणि बाहेर कडुलिंब. तिनं खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. वणीला बदलीवर होतो तेव्हा आमच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती, आणि बाहेर वाळत घातलेले कपडे खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं काळे होऊन परत यायचे. तिला हे घर हवं आहे हे मला कळलं. मलाही ते हवं होतं. आणि एखादी गोष्ट मला हवी असली, की मी जास्तच चिडतो.

मग अन्सारभाईंनी न्हाणीघर उघडलं. आत पांढराशुभ्र बाथटब होता, सोनेरी पायांचा.

"अन्सारभाई," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणालो, "नळ येतात का इथं?"

"येते ना साहेब. आठ-दहा दिवसांनी."

"म्हणजे माणसानं आठ-दहा दिवस थांबायचं, मग नळ आले की आडवं होऊन सगळ्या गल्लीच्या वाट्याचं पाणी अंगावर घ्यायचं? कोणाच्या डोक्यातून..."

शीलानं माझ्या दंडाला चिमटा काढला. हसत. मुख्याध्यापिका हसत चिमटा काढतात तेव्हा वळ उठतो.

"काय मस्त टब हाय नाई!" ती म्हणाली, आणि तिनं माझ्याकडे पाहिलं ते वर्गाबाहेर काढण्याआधी पाहतात तसं. मी टबाकडे पाहून मान डोलावली.

तेवढ्यात नळाच्या तोटीतून आवाज आला. आधी खरखर, मग सूंऽऽ. बाहेर गल्लीत कोणीतरी बाई ओरडली, "नळ आले वोऽऽ!"

पुढं जे झालं ते बाहेरगावच्या माणसाला समजणार नाही. यवतमाळच्या माणसाला नळाचा आवाज ऐकल्यावर विचार करता येत नाही. घर कोणाचं, आपण कोण, इथं कशाला आलो, हे सगळं नंतर. शीलानं पदर खोचला आणि ती परसाकडे धावली. मागून ड्रम सरकवल्याचा आणि झाकणं आपटल्याचा आवाज आला. मी टबाचं भोक बूच मारून बंद केलं आणि तोटी पूर्ण सोडली. घसरायला नको म्हणून मोरीच्या जाळीवर पायपुसणं अंथरलं. (हे पायपुसणं पुढं महत्त्वाचं ठरणार आहे.)

"साहेब, आपलं घर नाई ना अजून," अन्सारभाई म्हणाले.

"पाणी तर गावाचं आहे!" मी ओरडलो. टब भरू लागला. मला फार समाधान वाटलं. ते टिकलं असतं, पण अन्सारभाई म्हणाले, "टब भरते तोपर्यंत हॉल पाहून घ्या. मेन आयटम तर तिथंच हाय."

हॉलमध्ये लाकडी पट्ट्यांची गुळगुळीत फरशी होती आणि समोरच्या भिंतीत फायरप्लेस.

मी पुन्हा सांगतो. यवतमाळ. मे महिना. फायरप्लेस.

"थंडीत हात शेकाले," अन्सारभाई म्हणाले.

"कोणती थंडी?" माझा आवाज चढला. "इथं डिसेंबरात लोक कूलर झाकून ठेवतात, त्याला थंडी म्हणतात! ही इंग्रजानं बांधली?"

"नाई. इंग्रजाच्या टाइमले इथं कपाट होतं. धरमसिंगभाऊनं मोबाइलवर पाहून फायरप्लेस बांधली."

इथं माझा निर्णय मोडला. सकाळपासून गिळलेले सगळे आवंढे एकदम वर आले. जी चूक परदेशातून आलेल्या माणसानं केली नाही, ती इथं जन्मलेल्या माणसानं केली होती! "याला धुराडं तरी आहे का?" असं म्हणत मी गुडघ्यांवर बसलो आणि डोकं फायरप्लेसमध्ये घातलं. वर पाहिलं तर स्लॅब. धुराडं नव्हतंच.

"धुराडंच नाही!" मी आतून गरजलो. आत आवाज छान घुमत होता, त्यामुळे मला जोर चढला. "पेटवली असती तर अख्खं घर धुरानं काळं झालं असतं! कोण हा धरमसिंग? कोणी याला ठेकेदार केलं? एक सिंह मोठा, एक सिंह लहान, कारंज्यातली बाई तहानलेली, आणि न्हाणीघरात म्हशीला डुंबायला टाकं! या माणसाला घर सोडा, गोठासुद्धा बांधायला द्यायला नको!"

"आणखी काई?" मागून आवाज आला.

"आणखी पुष्कळ आहे, अन्सारभाई! ही लाकडाची फरशी! यवतमाळात लाकडाची फरशी!"

"लाकडाची फरशी काहून नाई पाहिजे?"

"कारण तिच्यावर पाणी पडलं..." म्हणता म्हणता मला गुडघ्यांना गारवा जाणवला. मे महिन्यात गारवा जाणवला की माणसाला बरं वाटतं, त्यामुळे कळायला जरा उशीर लागला. मी डोकं बाहेर काढलं. ते आधी वर आपटलं, मग बाहेर आलं. माझ्याभोवती पाणी होतं. लाकडी पट्ट्या पाण्यानं फुगून एकेक करून वर येत होत्या. अन्सारभाई सोफ्यावर चढले होते, आणि पाण्यात मिशीवाला एक आडदांड माणूस उभा होता.

"मी धरमसिंग," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "नमस्कार."

तो न्हाणीघरात धावला. तोटी बंद केल्याचा आवाज आला. मग मी मोरीवर अंथरलेलं पायपुसणं हातात घेऊन बाहेर आला. आता हा फरशीचं काढणार, असं वाटून मी मनात माफी जुळवायला लागलो.

"याडी वो!" तो आपल्या बंजारा बोलीत आईच्या नावानं ओरडला. "एवढं पाणी सांडवलं? एवढं पाणी? माणूस हाय का कोण हाय तू?"

फरशीबद्दल अवाक्षर नाही. आरडाओरडा ऐकून दारात गल्लीतल्या बायका जमल्या. त्यातल्या रुक्माबाई नावाच्या म्हातारीनं मला पाहून हातातली बकेट खाली ठेवली. "माह्या घरी अर्धा ड्रमबी भरला नाई अजून," ती म्हणाली, "अन् हा बाप्पा इथं पाणी खेळून राह्यला!" मी जन्मभर दुसऱ्यांच्या मूर्खपणावर चिडत आलो. एवढी माणसं एकाच वेळी माझ्या मूर्खपणावर चिडलेली मी प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. घर गेलं होतं. ती खिडकीही गेली होती.

शीला परसातून आली. केस विस्कटलेले, साडी ओली. तिनं फरशी पाहिली, मला पाहिलं, आणि ती पदर पिळायला लागली. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मागं कोण होतं?" धरमसिंगनं विचारलं.

"मी होती," ती म्हणाली. "तुमचे ड्रम रिकामे होते भाऊ, म्हणून भरले. टाकंबी घासून भरलं. माफ करा, राहावलं नाई."

धरमसिंग परसात जाऊन आला. सगळे ड्रम काठोकाठ, वर झाकणं, झाकणांवर दगड. घराला वळसा घालून दाराशी असलेल्या कारंज्यातल्या बाईच्या घागरीतसुद्धा तिनं मावेल तेवढं पाणी भरून ठेवलं होतं.

"दोन वर्षं झाले लोक येऊन राह्यले," तो हळूच म्हणाला. "येते, फायरप्लेसपाशी सेल्फी घेते अन् चालले जाते. मले वाटलं, हे घर कोणी राहाले घेणारच नाई. ताई, तुम्ही आल्या अन् पाणी भरलं. घर तुमाले देतो." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "पण याइले नळापाशी जाऊ देऊ नका."

तर आता आम्ही तिथंच राहतो. लाकूड जाऊन साधी फरशी आली. बाथटब काठोकाठ भरलेला असतो आणि मी त्याच्या शेजारी उभा राहून एक बकेट पाण्यात आंघोळ करतो. नळ येतात त्या दिवशी शीला मला फायरप्लेससमोरच्या खुर्चीत बसवते, आणि नळ जाईपर्यंत उठायची परवानगी नसते. तिथं बसून मी सिंहांवर, बल्बांवर, गल्लीवर, जगावर मोठमोठ्यानं चिडतो. ती परसात पाणी भरते.

परवा असाच बसलो असताना धरमसिंग आपलं जुनं घर पाहायला आला. फायरप्लेसकडे त्यानं जरा दुःखानं पाहिलं.

"ताई, कधी पेटवली का नाई हे?"

"पेटते ना भाऊ," परसाच्या दारातून शीला म्हणाली, आणि ओल्या हातानं तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "नळाच्या दिवशी तर विझतच नाई."

धरमसिंग पुढं आला, दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि शेकल्यासारखे चोळले.