महाराजांच्या मोटारीचा नवा पंखा

एका जंगलात एक मोटार होती. हसायचं नाही, मुलांनो. जंगलात दरबार असतो, दिवाण असतो, मग मोटार का नसावी?

मोटार सिंहमहाराजांच्या आजोबांची. पितळी दिवे, रबरी भोंगा, आणि चालू केली की अर्ध्या रानाला कळावं असा आवाज. तिची देखभाल रखमाजी साळिंदर करायचा. तो शाळेत गेला नव्हता. पण इंजिनाला कान लावला की कुठला नट ढिला आहे ते सांगायचा. त्याच्या हातून गेलेलं काम कधी परत आलं नव्हतं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

मोटारीला एकच खोड होती. दर अमावस्येला महाराज डोंगरावरच्या देवीला जात. घाटात मोटार हळू चाले. इंजिन हळू फिरलं की त्याच्या पट्ट्यावरचा पंखाही हळू फिरे. मग सांबराच्या वळणावर इंजिनातलं पाणी उकळे आणि मोटार वाफ सोडत तासभर उभी राही.

महाराज खाली उतरत. करायला काही नसे. मग वळणावर जमलेले ससे, भेकरं, मुंगसं आपलं गाऱ्हाणं सांगत आणि महाराज ऐकत. दरबारात जायला दिवाणाची चिठ्ठी लागे. वळणावर लागत नसे.

दिवाण होता कोल्हा. त्याला हे वळण फार खुपायचं. तिथली निम्मी गाऱ्हाणी त्याच्याच गोतावळ्याविरुद्ध असत.

यंदा त्याच्या मेव्हण्याने डोंगरावरच्या तळ्याला कुंपण घातलं. जंगलाचा कायदा असा, की तीन अमावस्या उलटल्या आणि महाराजांच्या कानावर काही गेलं नाही, तर तळं कुंपणवाल्याचं. पहिल्या अमावस्येला महाराजांचा दात दुखत होता. ते गेलेच नाहीत. दुसरी जवळ आली तसा दिवाण रखमाजीच्या छपरात हजर झाला.

"रखमाजी मिस्त्री, महाराज घाटात उन्हात उभे राहतात. बरं दिसत नाही. विजेचा पंखा बसवा. तो बॅटरीवर फिरतो. इंजिन हळू असो की जोरात..."

"मला शिकवू नका," रखमाजी म्हणाला. "परवा गाडी न्या."

रखमाजीची लेक सोनकी त्या तळ्याकाठीच नांदत होती. चार पिल्लं पदरात, आणि पाण्यासाठी रोज दोन टेकड्यांची चढउतार. बातमी कळताच ती धावत आली.

"बाबा, पंखा नका बसवू. आम्ही वळणावर महाराजांना तळ्याचं सांगणार आहोत."

"हुकूम आहे."

"मग जरा कच्चा बसवा."

रखमाजीचे काटे ताठ उभे राहिले. "कच्चा? चाळीस वर्षांत माझ्या हातून कच्चं काम गेलं नाही. तुझ्या लग्नाचा मांडव मी घातला. अजून उभा आहे."

"मांडव आहे, बाबा. पाणी नाही."

ती गेली. रखमाजीने जुना पंखा काढून नवा बसवला. पक्का बसवला. इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीच्या, म्हणजे रेडिएटरच्या मागे, भोवती पत्र्याची कड देऊन. वारा पुढून आत खेचला जावा, एक फुंकरही वाया जाऊ नये.

अमावस्येला मोटार सांबराच्या वळणावरून अशी गेली, जशी लोण्यातून सुरी. महाराज आत घोरत होते. सोनकी हात जोडून पुढे आली. "महाराज!" तिने हाक मारली. दिवाणाने भोंगा दाबला. धूळ बसली तेव्हा मोटार दिसेनाशी झाली होती.

दिवाणाने रखमाजीचा सत्कार केला. शाल आणि नारळ. शाल काट्यांत अडकून फाटली. रखमाजीने नारळ उचलला आणि लेकीच्या घरी नेला.

सोनकीने बापापुढे पाणी ठेवलं. अर्धी वाटी. चारही पिल्लं त्या वाटीकडे बघत होती. रखमाजीने वाटी पिल्लांपुढे सरकवली आणि तहानेलाच डोंगर उतरला.

तिसऱ्या अमावस्येच्या आदल्या दिवशी मोटार तपासणीला आली. रखमाजीने बॉनेट उघडलं. पंख्याला दोन तारा जात होत्या. त्याने इकडची तिकडे लावली, तिकडची इकडे. स्क्रू मात्र घट्ट आवळले. सवय.

दिवाण आला. "चालवून दाखवा."

रखमाजीने बटण दाबलं. पंखा घुमू लागला. दिवाण मोटारीच्या तोंडासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या मिशा भुरुभुरु उडाल्या.

"वा! मागच्या वेळी इथे एवढा वारा लागला नव्हता."

"नव्हता," रखमाजी म्हणाला. खोटं तो बोलत नसे.

कळलं का, मुलांनो? पंखा उलटा फिरत होता. वारा आत खेचायचं सोडून बाहेर फेकत होता. समोरून येणारा वारा आणि हा वारा यांची झाली मारामारी, आणि रेडिएटर बसला तापत.

सांबराच्या वळणावर अशी वाफ निघाली की झाडावरची माकडं पळाली. महाराज उतरले. एक तास झाला, दोन झाले. महाराजांच्या घशाला कोरड पडली.

"कोणी पाणी द्या रे!"

सोनकी पुढे आली. "पाणी कुंपणाच्या आत आहे, महाराज."

"कोणाचं कुंपण?"

तिने सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं. दिवाण मधे बोलायला गेला, पण तहानलेल्या सिंहाच्या मधे कोणी बोलत नाही. संध्याकाळच्या आत कुंपण निघालं. राजाला तहान लागली की कायदा लवकर समजतो.

दुसऱ्या दिवशी दिवाण तणतणत आला. "मिस्त्री, पंखा बिघडला!"

रखमाजीने बटण दाबलं. "फिरतोय की."

दिवाणाने तोंडासमोर उभं राहून पाहिलं. मिशा उडत होत्या. "मग गाडी तापते कशी?"

"एक पंखा पुरत नसेल."

"मग दोन बसवा!"

रखमाजीने दोन बसवले. दोन्ही एकाच दिशेने. आता मोटार सांबराच्या वळणावर थांबते, आणि त्याआधी घाटाच्या पायथ्यालाही थांबते. पायथ्याच्या सशांची बरीच गाऱ्हाणी तुंबली होती.

तात्पर्य: मुलांनो, काम नेहमी चोख करावं. बिघडवायचं असेल तर जास्तच चोख करावं. आणि तपासायला येणाऱ्याच्या तोंडावर गार वारा सोडावा. मग आत काय तापतंय हे तो विचारत नाही.