जावयाची गाडी बंद करत नसतात

सोपानची गाडी खराब आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी ती चालू असताना बघावी. चालू असताना तिच्यात काही खोट नव्हती. डावीकडे वळताना हॉर्न आपोआप वाजायचा, मागची काच वर आणायला हाताने ओढावी लागायची आणि एसीतून उन्हाळ्यात गरम वारा यायचा. एवढं तेवढं माणसातही असतं. अडचण म्हणाल तर एकच होती. इंजिन तापलेलं असताना गाडी बंद केली, की धक्का मारल्याशिवाय ती पुन्हा चालू व्हायची नाही. आळेफाट्याच्या जलालभाई मिस्त्रीने स्टार्टर खोलून बघितला, परत बसवला आणि हात पुसत सांगून टाकलं, "सोपानभाऊ, गाडी चांगली हाये. फक्त तापल्यावर बंद करत जाऊ नका."

आता यात बाळासाहेबाने नाक खुपसायचं काही कारण नव्हतं. पण तो पडला मेहुणा. अवसरी खुर्दला राहायचा. नवीन मोठी गाडी घेतल्यापासून आपली जुनी गाडी बहिणीच्या दारात नेऊन लावायची त्याला भारी हौस होती. सोपानने ती नाकारली आणि बाहेरून सेकंडहँड आणली, हे त्याला लागलं होतं. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं करायला त्याने ओतूरला फोन केला, तेव्हाही सांगितलं की दाजी, एसटीने या, तुमचं डबडं रस्त्यात बसायचं.

सोपान पेटला. "त्या दिवशी माझी गाडी एकदा जरी बंद पडली ना, तर तुमची जुनी गाडी गपगुमान घेऊन जाईन. अन् जन्मभर तुमचं ऐकीन."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी, म्हणजे सोनीबाईंनी, पलीकडून सगळं ऐकलं. अश्विनीने, म्हणजे सोपानच्या बायकोने, अलीकडे कपाळाला हात लावला.

सोपानने बेत पक्का केला. दिवसभर गाडी बंदच करायची नाही. पंपावर बंद करायला लावतात म्हणून आदल्या दिवशीच तेल भरून ठेवलं. सकाळी ओतूर सोडलं ते नारायणगावात चहासुद्धा घेतला नाही. मंचरला अश्विनीने हळू चाललेल्या गाडीतून उतरून पेढे घेतले आणि पळत येऊन पुन्हा गाडी धरली. अवसरीत घराकडे वळायला डावं वळण आहे, त्यामुळे जावई आल्याचं सगळ्या आळीला कळलं.

सोनीबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, जावयाच्या पायावर पाणी घातलं. मागे गाडी घरघरत होती. बाळासाहेब गाडीकडे जात म्हणाला, "सावलीला लावून बंद करतो."

"बंद करायची न्हाई," सोपान म्हणाला.

"का बरं?"

सगळं अंगण त्याच्याकडे बघायला लागलं. सोपान अशा ठसक्यात बोलला, की त्याचं त्यालाच खरं वाटलं. "धोंड्याला आलेल्या जावयाची गाडी बंद करत नसतात. आमच्या ओतूरला रीतच हाये. मधीच बंद केली तर लेकीच्या संसाराला खीळ बसती."

अश्विनी लग्न होऊन ओतूरला गेल्यापासून असली रीत तिने कधी ऐकली नव्हती. पण भावाने फोनवर आईसमोर आपल्या नवऱ्याच्या गाडीला डबडं म्हटलेलं तिच्या डोक्यात होतं. ती शांतपणे म्हणाली, "व्हय आई. लई कडक पाळत्यात."

झालं. सोनीबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं आणि तडक शेजारच्या साळुबाईकडे गेल्या. साळुबाईचा जावई मोटारसायकलवर येऊन नुकताच पाटावर बसला होता. त्याला उठवून मोटारसायकल चालू करायला लावली. समोरच्या घरी जावयाचा टेम्पो होता, तोही धडधडायला लागला. खालच्या आळीतला जावई एसटीने आलेला. त्याच्या सासूने लेकीच्या संसारात उणं नको म्हणून घरचा ट्रॅक्टर सुरू करून ठेवला. इतका आवाज झाला, की सोपान धोंडे खाताना "पुरे, पुरे" म्हणत होता ते कोणालाच ऐकू गेलं नाही आणि ताटात पडत राहिलं. तरी त्याचा एक कान बाहेर होता. त्याची गाडी चालूच होती.

जेवणं उरकली. संध्याकाळी बाळासाहेबाला त्याच्या बायकोबरोबर, मोहिनीबरोबर, मंचरला तिच्या माहेरी जायचं होतं. म्हणजे आता तोही जावई. तो नव्या गाडीने पेठेतून पानं घेऊन आला तसा सोनीबाईंनी त्याला अंगणात अडवला. गाडी चालूच ठेव म्हणाल्या आणि हळदीचा हात त्याच्या नव्या बॉनेटवर ठेवला. हाताखाली इंजिन गप्प झालं.

"बंद पडली रं," सोनीबाई म्हणाल्या.

बाळासाहेब हसला. "पडली न्हाई, आई. आपोआप बंद व्हती. तेल वाचवायची सिस्टीम हाये."

"उभी ऱ्हायली की बंद?"

"व्हय."

"अन् हिच्यापायी तू चांगली चालती गाडी बाजूला काढली?"

ती सिस्टीम बंद करायचं बटण कुठे आहे ते बाळासाहेबाला सापडेना. शोधता शोधता गाडी आणखी एकदा बंद पडली. मोहिनीने दारात उचललेली पिशवी खाली ठेवली. ती म्हणाली, मी काही ह्या गाडीतून माहेरी जायची नाही. शेवटी बाळासाहेब कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत ओतूरला परत निघालेल्या सोपानच्या गाडीत मोहिनीसोबत मागे बसला, त्या न चढणाऱ्या काचेशेजारी. सोपानने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

पण दिवसभर उभ्याने चालून गाडीने तेल पिऊन टाकलं होतं. मंचरच्या अलीकडे काटा पार तळाला टेकला आणि पंपावर शिरावंच लागलं. पंपावरचा माणूस म्हणाला, आधी गाडी बंद करा. सोपानने दरीत उडी मारावी तशी किल्ली फिरवली. तेल भरून झालं. पुन्हा किल्ली फिरवली, तर नुसती टिकटिक.

बाळासाहेबाचा चेहरा दुपारपासून पहिल्यांदा फुलला. "दाजी, बंद पडली."

"पडली न्हाई, दादा," अश्विनी मागे न बघता म्हणाली. "पंपवाल्याने करायला लावली म्हणून केली. समोर बोर्ड लावलाय, वाच."

"अन् माझे बाबा पाणी घेऊन दारात उभे असतील," मोहिनी नवऱ्याला म्हणाली. "उतरा आणि धक्का मारा."

बाळासाहेब उतरला. त्याने धक्का मारला आणि गाडी चालू झाली. पण आता थांबवली तर पुन्हा गप्प होईल, ही भीती सोपानला होती. म्हणून तो पंपाभोवती डावीकडून फेऱ्या घालत राहिला, हॉर्न वाजत राहिला आणि मागून बाळासाहेब धोतरासारखी पँट वर धरून पळत राहिला. कसाबसा तो आत पडला.

मोहिनीच्या माहेरी दारात तिचे वडील पाणी घेऊन पुढे आले. जावयाची दशा बघून ते चरकले. मग घरघरणाऱ्या गाडीकडे हात करून सोपानला म्हणाले, "पावणं, बंद करा की गाडी. या आत, च्या घेऊ."

सोपान तोंड उघडणार, तेवढ्यात बाळासाहेबाने घाईघाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंद करत नसतात, बाबा," तो धापा टाकत म्हणाला. "रीत हाये."